डब्यातून अन्नात : एका विद्येच्या उंबरठ्यावर

गोंदिया तालुक्यातल्या कामठ्यात एखाद्या घराच्या स्वयंपाकघरात डोकावले, तर भांड्यांच्या मांडणीवरून त्या घराचा दोन-तीन पिढ्यांचा इतिहास वाचता येतो. वरच्या फळीवर पितळेचा गुंड, आता वापरात नसलेला. त्याखाली ॲल्युमिनियमचे गंज. मग लग्नात आलेले, नाव कोरलेले स्टीलचे डबे. आणि सगळ्यांत हाताशी, रोज उघडझाप होणारे रंगीबेरंगी प्लास्टिक. हे प्लास्टिक एका वाटेने घरात आलेले नाही. काही दिवाळीनंतरच्या मंडईतल्या दुकानांतून आले, काही जुन्या कपड्यांच्या बदल्यात दारावर मिळाले, तर काही लोणच्याची किंवा बिस्किटांची बरणी म्हणून आले आणि रिकामे झाल्यावर तिथेच राहिले. घराला रंग दिला की वीस लिटरची बादली उरते. ती धुऊन तिच्यात तांदूळ भरला जातो. धानाच्या या पट्ट्यात बांबूच्या ढोलीची जागा कशाकशाने घेतली, याचा कुणी अभ्यास करायला हवा.

अशा घरांतल्या आईबापांना आता एक काळजी लागली आहे. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली चित्रफीत पाहून किंवा दवाखान्यात कानावर आलेल्या एखाद्या वाक्यावरून त्यांना कळते, की प्लास्टिकातून काहीतरी अन्नात उतरते आणि ते लेकरांना बरे नसते. मग मुलांना रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला वाटेत गाठून विचारणा होते, ‘सर, हा डबा पोराले चालते का?’ विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. अडचण अशी, की ज्या विद्येकडे हा प्रश्न न्यायचा ती विद्या डब्याबद्दल असे एका शब्दाचे उत्तर देत नाही. ती उलट विचारते : डबा कशाचा, त्यात काय ठेवणार, किती गरम, किती वेळ, आणि खाणारा कोण? अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंचे रसायन आणि विषशास्त्र ही ती विद्या. पालक, शिक्षक, अंगणवाडीसेविका आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी यांना तिच्यात शिरता यावे, म्हणून हे पुस्तक. आपली काळजी खोटी नाही, पण ती अजून नीट आकाराला आलेली नाही, हे मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे. काळजीला आकार आला की तिचे प्रश्न होतात, आणि प्रश्न झाले की ते घराबाहेरही विचारता येतात.

सुरुवात प्लास्टिकपासूनच करू. प्लास्टिक हा एक पदार्थ नव्हे, ते एक मोठे कुटुंब आहे. पॉलिथिलीन १९३३ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच हाती आले. पॉलिप्रॉपिलीनची नीट बांधणी १९५४ साली इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी केली; या कामासाठी त्यांना आणि कार्ल त्सिग्लर यांना १९६३ चे नोबेल मिळाले. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या असतात त्या पेटच्या. पॉलिकार्बोनेट १९५३ च्या सुमाराचे : काचेसारखे स्वच्छ, पडले तरी न फुटणारे, म्हणून पुढे दुधाच्या बाटल्यांत आणि पाण्याच्या मोठ्या जारमध्ये आले. या सर्वांच्या मुळाशी छोट्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या इतक्या मोठ्या की सहसा जागा सोडत नाहीत. जागा सोडतात ते त्यांच्यात अडकलेले लहान रेणू : साखळीत गुंफायचे राहून गेलेले कच्चे घटक, लवचिकपणासाठी घातलेली द्रव्ये, उन्हाने तडकू नये म्हणून मिसळलेली रसायने, रंग, उत्प्रेरकांचे अंश. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातले द्रव्य मिसळतात आणि मऊ पीव्हीसीत त्याचे वजन तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ते साखळीला बांधलेले नसते, नुसते मधे वस्तीला असते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनला अशा द्रव्याची सहसा गरज पडत नाही. पॉलिकार्बोनेटची तर वीटच बिस्फेनॉल-ए नावाच्या रेणूची असते आणि उष्णतेने, साबणाच्या खाराने साखळी तुटली की ती वीट मोकळी होते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांची गोष्ट सारखी नसते ती यामुळे.

त्यानंतर येते उष्णता. हे रेणू किती वेगाने बाहेर पडतील हे बहुतांशी तीच ठरवते, आणि तिचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. पेट बनवताना अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी २००८ साली बाटलीबंद पाणी वेगवेगळ्या तापमानांना ठेवून अँटिमनी मोजले. तिथल्या पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडायला ६० अंशांना १७६ दिवस लागतील असे त्यांना आढळले. ८० अंशांना मात्र दोन-सव्वादोन दिवस पुरेसे होते. वीस अंशांचा फरक आणि महिन्यांचे दिवस झाले. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा सावलीतल्या बाटलीने घाबरून जाण्याचे कारण या आकड्यांत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे दिवसेंदिवस पडून राहिलेली बाटली, आणि त्याहून अधिक म्हणजे उकळता चहा ओतून गाठ मारलेली पातळ पिशवी, यांच्याबद्दल मात्र ते आकडे बरेच काही सुचवतात.

उष्णतेखालोखाल तेल, आणि मग आंबट. वर सांगितलेली बरीच द्रव्ये पाण्यात नावालाच विरघळतात, तेलात मात्र सहज. म्हणूनच प्रयोगशाळेत डब्याची परीक्षा घेताना खऱ्या अन्नाऐवजी त्याचे सोंग घेणारे द्रव वापरतात : पाण्यासारख्या पदार्थांसाठी शुद्ध पाणी, आंबटासाठी तीन टक्के ॲसेटिक आम्ल, तेलकटासाठी हेप्टेनसारखा द्रव. दीर्घ साठवणीची नेहमीची चाचणी ४० अंशांना दहा दिवस चालते. आता आपल्याकडचे आंब्याचे लोणचे डोळ्यांपुढे आणा. त्यात आम्ल आहे, मीठ आहे, तेल आहे, ते एकाच बरणीत वर्षभर मुरते, आणि ती बरणी बहुधा आधी दुसऱ्याच कशाची तरी होती. सणाला काढलेले जवसाचे तेल जुन्या शीतपेयाच्या बाटलीत भरून कपाटात राहते. रोवणीच्या दिवसांत सकाळी सहाला भरलेला गरम भात आणि वरण दुपारी बांधीच्या धुऱ्यावर उघडले जाते. चाचणी नव्या वस्तूची होते. आपण वापरतो ती घासून घासून पांढरी पडलेली, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा कामाला लावलेली. या विद्येने आजवर जी स्वयंपाकघरे मोजली ती बहुतांशी सिएटलची, बोस्टनची आणि युरोपातली. आपली स्वयंपाकघरे तिच्या हिशेबात फार कमी आली आहेत, आणि वाचकांतल्या तरुण मंडळींनी इथून पुढे लक्ष ठेवावे असे काम तेच आहे.

बिस्फेनॉल-ए चा इतिहास मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण या विद्येचे सगळे स्वभावदोष त्यात दिसतात. हा रेणू रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी १८९१ साली तयार केला. पुढे १९३६ साली लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स हे स्त्रीसंप्रेरकाला, म्हणजे इस्ट्रोजेनला, कृत्रिम पर्याय शोधत होते. बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेनसारखा वागतो हे त्यांना दिसले, पण जोर कमी पडला. दोन वर्षांनी त्यांना त्याहून कितीतरी जोरकस असा डीईएस हा रेणू सापडला. तो औषध म्हणून गर्भवती स्त्रियांना वर्षानुवर्षे देण्यात आला. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की त्या स्त्रियांच्या मुलींना ऐन तारुण्यात एक दुर्मीळ कर्करोग होत आहे. औषध आईने घेतले, फळ मुलीने भोगले, आणि तेही वीस वर्षांनी. दरम्यान औषध म्हणून मागे पडलेला बिस्फेनॉल-ए प्लास्टिकच्या कारखान्यात दाखल झाला होता. त्याचे इस्ट्रोजेनपण तोपर्यंत छापून आले होते, पण प्लास्टिक बनवणाऱ्यांच्या आणि औषधे तपासणाऱ्यांच्या वाटा कुठे मिळतच नव्हत्या.

त्या वाटा मिळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९१ साली अमेरिकेत थिओ कोलबर्न यांनी प्राणिशास्त्र, वैद्यक, रसायनशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांतल्या लोकांना एकत्र बसवले. शरीराच्या संप्रेरक व्यवस्थेत ढवळाढवळ करणारी रसायने ही कल्पना तिथून रुळली, आणि १९९६ मध्ये त्यांच्या सहलेखनातल्या पुस्तकाने ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. १९९८ साली ओहायोतल्या पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत एक चूक झाली. उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या भलत्याच, फरशी धुण्याच्या जहाल साबणाने धुतल्या गेल्या. काही दिवसांत, ज्यांना प्रयोगात काहीच दिलेले नव्हते अशा माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांची विभागणी बिघडलेली दिसू लागली. हंट यांनी माग काढला तेव्हा तो झिजलेल्या प्लास्टिकमधून सुटलेल्या बिस्फेनॉल-ए पर्यंत पोचला. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतल्या गटानेही २००९ च्या सुमारास या विषयात मोलाचे काम केले. गाभण उंदरांच्या माद्यांना त्यांनी या रसायनाची अगदी अल्प मात्रा दिली : शरीराच्या दर किलोमागे दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आत. जन्मलेल्या नरांची प्रजननक्षमता घटलेली आढळली आणि तो परिणाम पुढच्या पिढ्यांतही उतरला. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने या विद्येचा आरंभ परदेशी नावांपासूनच करावा असे मुळीच नाही.

पण उंदीर म्हणजे आपले मूल नव्हे. माणसाच्या बाबतीत काय मोजता येते? बिस्फेनॉल-ए शरीरात फार काळ राहत नाही. काही तासांतच लघवीवाटे त्याचा बराचसा भाग निघून जातो. त्यामुळे आज काय खाल्ले-प्यायले याचा पुरावा उद्याच मिळतो. हार्वर्डमध्ये २००९ साली ७७ विद्यार्थ्यांना आधी आठवडाभर स्टीलच्या बाटल्यांतून आणि मग आठवडाभर पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून थंड पेये घ्यायला सांगितले. लघवीतले प्रमाण ६९ टक्क्यांनी वाढले. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस डबाबंद नसलेले, प्लास्टिकला न लागलेले ताजे अन्न पुरवले; बिस्फेनॉल-ए सरासरी दोन तृतीयांशाने आणि एका प्रमुख थॅलेटचे अंश निम्म्याहून अधिक उतरले. हे वाचून पालकांना हुरूप येतो, आणि तो यावाही.

तरीही मला स्वतःला सर्वांत अधिक शिकवून गेला तो अयशस्वी प्रयोग. सिएटलमध्ये शीला सत्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा कुटुंबे निवडली. निम्म्या कुटुंबांना काळजी घेण्याच्या सूचनांचा छापील कागद दिला. उरलेल्यांना पाच दिवस संपूर्ण जेवण आचाऱ्याकडून पुरवले. शिजवताना, साठवताना, पोचवताना प्लास्टिक लागू द्यायचे नाही असा कडक दंडक. सूचनांच्या कागदाने फारसा फरक पडला नाही. आणि ज्यांचे अन्न इतके जपले होते त्यांच्या लघवीतले डीईएचपी या थॅलेटचे अंश घटण्याऐवजी पंचवीसपटीच्या आसपास वाढले! २०१३ साली हे निष्कर्ष त्यांनी न लपवता छापले. शोध घेतला तेव्हा गुन्हेगार सापडले ते धने पुडीत आणि दुधादुभत्यात. दळण्याच्या, भरण्याच्या, वाहून नेण्याच्या वाटेवर कुठेतरी मऊ प्लास्टिक लागले होते, आणि घरात पोचण्याआधीच त्याने आपले काम उरकले होते. मसाल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही अशा आपण लोकांनी हा प्रयोग पाठ करून ठेवावा.

त्याचा अर्थ माझ्या मते असा, की घरातल्या बाईने डबे बदलले म्हणजे प्रश्न सुटत नाही. या विषयावर मराठीत आणि इतरत्र जे हौशी लेखन होते त्यातला सगळा उपदेश आईला उद्देशून असतो : हे वापरू नका, ते फेकून द्या, अमुक घ्या. जणू दूध गोळा करणाऱ्या यंत्रणेची नळी, मसाल्याच्या गिरणीचा पट्टा आणि तेलाच्या टाकीचे अस्तर हे सारे तिच्या ताब्यात आहे. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईच्या मनावर आणखी एक अपराधाचे ओझे ठेवायला मला हे पुस्तक नको आहे. आमच्या भागातल्या बायकांना ओझी कमी नाहीत.

आता शास्त्रज्ञांच्या भांडणाविषयी. अन्नसुरक्षा पाहणाऱ्या युरोपीय संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये बिस्फेनॉल-ए ची रोजची सुसह्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम ठरवली. आधीची होती चार मायक्रोग्रॅम, म्हणजे एकदम वीस हजार पटींनी खाली. जर्मनीच्या अशाच अधिकृत संस्थेला हे पटले नाही; तिने स्वतःचा आकडा काढला तो २०० नॅनोग्रॅमचा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तर सध्याच्या वापरातून होणारा संपर्क सुरक्षित असल्याचे सांगत आले आहे. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल-ए वर बंदी आणली. फ्रान्सने ती २०१५ पासूनच घातली होती. वाचकाने यातून ‘सगळेच गोंधळलेले आहेत’ असा निष्कर्ष काढू नये. मोजणीवर फारसा वाद नाही. वाद आहे तो उंदराच्या प्रतिकारपेशींत झालेला बदल आजार मानायचा का, यावर. लहान मात्रेचा परिणाम मोठ्या मात्रेवरून ताडता येतो का, यावर. आणि खात्री होईपर्यंत थांबायचे की आधीच हात आखडायचा, यावर. शेवटचा प्रश्न तर विज्ञानाचा नाहीच, तो राज्यकारभाराचा आहे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत मी स्वतः हात आखडणाऱ्यांच्या बाजूचा. मोठ्यांच्या बाबतीत मला एवढी घाई वाटत नाही.

घाईचे तोटेही या इतिहासात आहेत. बिस्फेनॉल-ए बदनाम झाल्यावर काही ठिकाणी त्याच्या जागी बिस्फेनॉल-एस आले. ते चुलतभावंडच, आणि संप्रेरकांशी खेळण्याची खोड त्यालाही आहे. दुधाच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या त्या पॉलिप्रॉपिलीनच्या झाल्या. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या गटाने अशा बाटल्यांत ७० अंशांचे पाणी घालून हलवले, तेव्हा दर लिटरला एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण सापडले. त्या कणांचे शरीरात पुढे काय होते हा वेगळा अभ्यास आहे, पण ‘यात ते नाही’ अशी चिठ्ठी लावलेली वस्तू म्हणजे निर्धास्त वस्तू, हे समीकरण इथे मोडते. कागदी कपाचेही तसेच. त्याला आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये दाखवले, की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटे राहिले तर त्यात पंचवीस हजारांच्या आसपास सूक्ष्मकण उतरतात.

मग आपल्या देशात कायदा काय म्हणतो? माणसे समजतात त्याहून बरेच काही. दूध पाजण्याच्या प्लास्टिक बाटल्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे जे मानक आहे त्याच्या २०१५ च्या आवृत्तीने पॉलिकार्बोनेटला बाद केले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेष्टनाविषयीचे २०१८ चे नियम जुलै २०१९ पासून लागू झाले. वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांवर त्यांनी दर किलोला ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, अँटिमनीसारख्या धातूंना स्वतंत्र मर्यादा दिल्या, आणि वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली. आलूबोंडा आजही त्याच कागदात मिळतो, ही गोष्ट अलाहिदा. पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकमध्ये अन्न भरू नये असेही त्या नियमांनी बजावले. पुढे पेटसाठी काही अटींवर वाट करून दिली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पिशव्या आणि एकदाच वापरायच्या ताट-वाट्यांवर जी बंदी आणली तिचा हेतू कचऱ्याचा होता, आरोग्याचा नव्हे. पण उकळता चहा बांधून देण्याच्या पिशवीला तीही लागू पडते. कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये इडलीपात्रात कापडाऐवजी प्लास्टिकचा कागद पसरण्याच्या सवयीवर सरकारने थेट आरोग्याच्या कारणाने बडगा उगारला.

कायद्याची खरी उणीव अशी, की त्याचे डोळे कारखान्यात भरलेल्या मालावर असतात. मंडईतल्या ताडपत्रीवर ढीग घालून विकला जाणारा, ना नाव ना खूण असा लाल टब त्याला सहसा दिसत नाही. डब्याच्या बुडाशी असलेला त्रिकोण आणि त्यातला आकडा पाहून लोक विसंबतात. तो आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने कचरा वेगळा करण्याच्या सोयीसाठी आणला. त्यावरून प्लास्टिकचे कुळ कळते, अन्नासाठी ते योग्य आहे की नाही हे कळत नाही. पाच आकड्याचे पॉलिप्रॉपिलीन डब्याचेही असते आणि मोटारीच्या बंपरचेही. सात म्हणजे ‘इतर’ : त्यात पॉलिकार्बोनेट येते आणि मक्यापासून केलेले प्लास्टिकही. अन्नासाठीची खूण वेगळी, पेला आणि काट्याची. ती असेल तर निदान बनवणाऱ्याने दावा तरी केला आहे, आणि दाव्याचा जाब विचारता येतो. रंगाच्या किंवा फवारणीच्या औषधाच्या डब्याने असा दावा कधीच केलेला नसतो. त्यात धान्य किंवा पाणी ठेवू नये, यावर मात्र मला कोणतीही घासाघीस नको. या पुस्तकात बिनशर्त सांगितलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांतली ही पहिली.

जुने ते सगळे सोने, असेही मी म्हणणार नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर आंबट पदार्थ त्यात कळकतो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. चिंचेचे सार ॲल्युमिनियमच्या गंजात रात्रभर ठेवणे शहाणपणाचे नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ चांगलीच, पण तिच्यावर आता चकाकणारा पातळ थर चिकटवलेला असेल तर ती पत्रावळ नावापुरती. स्टीलचा डबा बहुतेक कामांना उत्तम, आणि आपल्या घरांत तो आहेच. नवे विकत घेण्याआधी कपाटावरचे आंदण खाली काढावे. कोरडे धान्य, गार झालेली पोळी, बिस्किटे यांसाठी अन्नाची खूण असलेला प्लास्टिक डबा मला खटकत नाही. खटकते ते गरम, तेलकट आणि आंबट. एवढे ध्यानात राहिले, तर बाकीचे तपशील पुढच्या प्रकरणांत सवडीने पाहता येतील.

प्रमाणाचेही भान हवे. युनिसेफने २०२० साली दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतके शिसे आहे. भारतातल्या मुलांचा त्यात फार मोठा वाटा आहे. शिशाने बुद्धीवर होणारे नुकसान हे बिस्फेनॉलसारखे वादग्रस्त नाही, ते सिद्ध आहे. चुलीच्या धुराचेही तसेच. ज्या घरात मूल रोज धुरात बसते तिथे आधी धूर, मग डबा. आणि ज्या घरात डब्यात घालायलाच पुरेसे नसते, तिथे या पुस्तकाने गप्प बसावे.

पण गप्प बसणे हा या विद्येचा स्वभाव नव्हे. मुंबईत १९६६ साली काही महिलांनी पुढाकार घेऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था उभी केली. बाजारातला माल तपासून घ्यायचा आणि निकाल छापायचा हा तिचा शिरस्ता. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली, आणि पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञान मासिक तर १९२८ पासून निघत आले आहे. मोजणे आणि मराठीत सांगणे, या दोन्हींची परंपरा आपल्याकडे आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कोणत्याही खरेदीदाराला दिला आहे. नमुना नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळते. एकट्याला हे शुल्क जड जाईल, बचत गटाला जड जाऊ नये. गोंदियाच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी सुरुवात महागड्या यंत्रांपासून करण्याचीही गरज नाही. एका गावातल्या वीस-पंचवीस घरांत कोणत्या डब्यात काय, किती गरम आणि किती काळ ठेवले जाते याची नीट नोंद झाली, तरी प्रयोगशाळेने काय मोजावे हे ठरवायला तिचा उपयोग होईल. बोस्टनला ही माहिती नाही. ती कामठ्यातच मिळेल.

पुस्तक कुठूनही उघडले तरी चालेल. रसायनशास्त्राची भीती वाटणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणे सोडून कायद्यापासून वाचावे, आणि विद्यार्थ्यांनी मात्र ती सोडू नयेत. एक विनंती सर्वांना : पुढचे पान उलटण्याआधी घरातला रोजच्या वापराचा एक डबा उलटा करून त्याच्या बुडावर काय लिहिले आहे ते पाहा, आणि काहीच लिहिलेले नसेल तर पुढच्या मंडईत दुकानदाराला त्याचे कारण विचारा.